जेवणघराला रंग देण्यापूर्वी



गळीत हंगाम आटोपून ऊसबिलाचे पैसे खात्यावर आले, की आपल्या भागात दोन कामे हमखास निघतात. एक लग्न आणि दुसरे घराची रंगरंगोटी. पुष्कळदा पहिल्यासाठीच दुसरे निघते. पाहुणे यायचे असतात, चार पंगती उठायच्या असतात, मग मालक दुकानात जाऊन सर्वांत चकचकीत डबा घेऊन येतात. पुढच्या पावसाळ्यात त्याच रंगाचे पोपडे ताटात पडू लागले, की दोष पेंटरला, दुकानदाराला आणि शेवटी नशिबाला दिला जातो.

शेतकी खात्याच्या माणसाने लागण, खोडवा आणि हुमणी सोडून भिंतीच्या रंगावर लिहावे, याचे काहींना हसू येईल. परंतु सेनगाव तालुक्यात ऊसनोंदीला किंवा प्लॉट पाहायला गेलो, की कोणी तसे उठू देत नाही. "साहेब, चार घास खाल्ल्याबिगर जायचं नाही," हा आग्रह ठरलेला. त्यामुळे गेल्या वीस वर्षांत आम्ही जितके उसाचे फड पाहिले, जवळपास तितकीच जेवणघरे पाहिली. कुठे ती स्वतंत्र खोली असते, कुठे माजघर, तर कुठे चुलीपुढची चार पाटांची जागा. जागा कोणतीही असो, घरातले अन्न जिथे शिजते आणि वाढले जाते, तिचा रंग हा नुसत्या शोभेचा विषय नाही. तो डोळ्यांचा, तब्येतीचा आणि पैशाचाही विषय आहे. हे आम्ही पुस्तकात वाचून नव्हे, स्वतः चूक करून शिकलो. म्हणून आधी ती चूकच सांगतो.

आमच्या घरची गोष्ट

सेनगावला आम्ही घर बांधले तेव्हा, 2011 साली, जेवणाच्या खोलीला छातीइतक्या उंचीपर्यंत गडद हिरवा ऑइल पेंट दिला. वर फिकट हिरवा. कचेऱ्यांतून असतो तसा. डाग दिसणार नाहीत, ओल्या फडक्याने पुसता येईल, असा आमचा हिशेब. घरात कोणाला विचारले नाही. खिडकी एकच, तीही उत्तरेला आणि लहान.

काही दिवसांनी ध्यानात आले, की आमची आई जेवायला आत बसत नाही. ताट घेऊन उंबऱ्याशी बसते. आम्हाला वाटले, उकडत असेल. विचारले तेव्हा म्हणाली, "बाळा, आत अंधारून येतं रे. वरण कुठं अन् चटणी कुठं, ताटात कळंना." तिच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरू लागला होता. ज्या खोलीत तिने आम्हाला वाढायचे, तिथे तिला स्वतःचे ताट दिसत नव्हते आणि तिने चार महिने तक्रार केली नाही. आम्ही खर्च करून सजवलेल्या खोलीतून आमचीच आई उंबऱ्यावर गेली होती.

पुढच्या पावसाळ्यात त्या पेंटला खालून फुगे आले. मग तो खरवडून काढला. तेही कोरडाच, पत्रीने खरडून, आणि लेकरे तिथेच धुळीत खेळत होती. त्यात काय धोका होता ते आम्हाला नंतर कळले. ते पुढे सांगतोच.

आधी भिंत पाहा, मग डबा

शेतात खत टाकण्याआधी आपण माती तपासतो. रंगाचेही तसेच आहे. भिंत कशाची आहे आणि तिच्यात पाणी आहे काय, हे पहिले पाहावे.

आपल्याकडे जुनी घरे दगड-मातीची, वर माळवद. नंतरची विटांची. आणि आता घरकुलाची सिमेंटची. त्यात आपली जमीन काळी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्याबरोबर भिंतीही तडकतात. जमिनीतले पाणी भिंतीतून वर चढते, येताना क्षार घेऊन येते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. चोपण जमिनीवर पांढरा थर येतो, तोच हा प्रकार, फक्त उभा.

अशा भिंतीवर ऑइल पेंट देणे म्हणजे ओल्या अंगावर रबरी कोट घालणे होय. आतले पाणी बाहेर पडायला मार्ग राहत नाही. मग ते रंगालाच ढकलते, फुगा येतो आणि पोपडा पडतो.

याचा दाखला दूर शोधायला नको, आपल्या मराठवाड्यातच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रे ज्या भिंतींवर आहेत, त्यांचा गिलावा मातीचा आहे. मातीत गवत, तूस, वनस्पतींचे धागे कालवलेले, आणि वर पांढरा पातळ थर. रंगही बहुतेक मातीचे आणि दगडांचेच: गेरू, पिवळी माती, हिरवी माती. काळा काजळीचा, आणि निळा तेवढा दूरदेशीच्या लाजवर्द दगडाचा. त्यातली बरीचशी चित्रे दीड हजार वर्षे टिकली. पुढे निजामाच्या राजवटीत, 1920 ते 1922 या काळात, चित्रांची निगा राखण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले गेले. त्यांनी सुटत चाललेले रंग चिकटवले, पुष्कळ काम चांगले केले, पण चित्रांवर लाखेचे वार्निशही दिले. तेव्हा ते झळाळून उठले असणार. कालांतराने ते वार्निश पिवळे पडले, त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि चित्रे झाकोळली. नंतर तो थर काळजीपूर्वक काढण्याचे काम पुरातत्त्व खात्याला वर्षानुवर्षे करावे लागले. चकाकी ही तात्पुरती असते आणि मातीच्या भिंतीला ती मानवत नाही, एवढा धडा आपण त्यातून घ्यावा.

तेव्हा क्रम असा ठेवावा. माळवदाची, पन्हळीची गळती आधी बंद करावी. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी भिंतीच्या पायाशी मुरत असेल तर ते दूर काढावे. लोणा कोरड्या कुंच्याने झाडून टाकावा, पाण्याने धुऊ नये, कारण धुतल्याने क्षार पुन्हा आत जातात. भेगा भरून घ्याव्या. मातीच्या भिंतीची भेग मातीनेच भरावी, सिमेंटने नव्हे. ते मातीशी एकजीव होत नाही आणि निसटते. नवीन सिमेंटचा गिलावा असेल तर त्याला पहिले वर्ष नुसता चुन्याचा हात द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. भारी रंग पुढच्या वर्षी.

कोणता रंग कोणत्या भिंतीला

*चुना.* माती, दगड, वीट, या सर्वांना चालतो. आपल्या सभासदांना चुन्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करायला चुन्याचे दूधच घालतात. भिंतीवर लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो, म्हणून तो वाळल्यावर दिवसेंदिवस घट्ट होत जातो. त्याच्यातून ओल बाहेर पडते, आणि तो तिखट असल्याने बुरशी सहसा धरत नाही. दोष एकच, पाठ टेकली की कपड्याला लागतो.

*सुका डिस्टेंपर.* खडूची पूड आणि सरस. स्वस्त, पण ओल सोसत नाही आणि पुसता येत नाही. चुलीजवळ निरुपयोगी.

*तेलाचा डिस्टेंपर आणि इमल्शन.* कोरड्या, गिलावा केलेल्या भिंतीला उत्तम. हलक्या हाताने पुसता येतो. अलीकडे शेणापासून केलेला खादीचा रंगही मिळतो. खादी ग्रामोद्योग आयोगाने तो 2021 च्या जानेवारीत बाजारात आणला. तोही डिस्टेंपर आणि इमल्शन या दोन्ही प्रकारांत येतो.

*ऑइल पेंट.* दारे, खिडक्या, मांडणी, लोखंडी गज यांच्यासाठी. भिंतीवर नको, असे आमचे अनुभवाचे मत आहे.

*सिमेंट पेंट.* हा बाहेरच्या भिंतीचा. जुन्या चुन्यावर तो बसत नाही. आधी चुना पूर्ण खरवडावा लागतो.

किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. खोली 10 फूट बाय 12 फूट आणि उंची 10 फूट धरली, तर चार भिंती मिळून 440 चौरस फूट. दार-खिडकीचे 40 वजा केले की 400. डब्यावर एका लिटरमागे किती चौरस फूट ते छापलेले असते. त्याने भागावे आणि दोन हातांसाठी दुप्पट करावे. टिपरी मोजून लागण करणाऱ्याला हे अवघड नाही. तरी लोक अंदाजे डबे आणतात आणि उरलेला रंग गोठ्यात वाळून जातो.

चुना कसा करावा

कळीचा चुना घ्यावा. एक किलोला सुमारे पाच लिटर पाणी. पाणी पिंपात आधी घ्यावे आणि चुना त्यात थोडा थोडा सोडावा. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये. तो उकळून उसळतो, आणि डोळ्यात उडाला तर डोळा जायची वेळ येते. लेकरे, कोंबड्या, वासरे दूर ठेवावी. डोळ्यावर चष्मा, हातात मोजे. चुकून उडालाच तर त्याच क्षणी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा सतत धूत राहावे आणि तडक दवाखाना गाठावा. तूप, तेल घालत बसू नये.

चोवीस तास तसाच ठेवून, ढवळून जाड फडक्यातून गाळावा. गरम पाण्यात विरघळवलेला डिंक किंवा तांदळाची पेज त्यात घातली तर तो कमी झडतो. जुन्या बांधकामांत चुन्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी घालत, ही गोष्ट म्हाताऱ्या गवंड्यांना ठाऊक आहे. भिंत आधी पाण्याने किंचित ओली करावी. पहिला हात उभा, दुसरा आडवा, आणि दोन्ही पातळ. जाड लावला की पापुद्रा सुटतो.

चुलीच्या धुराने काळवंडलेल्या भिंतीवर नुसता चुना मारला, तर आठवड्यात पिवळे डाग वर येतात. ती आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासून, धुऊन वाळवावी. 2016 पासून उज्ज्वला योजनेतून खेड्यापाड्यांत पुष्कळ घरी गॅस आला, तरी भाकरीला चूल अजून पेटतेच. तिथे धूर जायला वर मोकळी जागा ठेवावी. ती जागा कोणत्याही रंगापेक्षा मोलाची आहे. भिंतीची तर आहेच, पण चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या छातीची जास्त.

छटा कोणती

नवी पांढरी भिंत अंगावर पडलेल्या उजेडापैकी बहुतेक उजेड परत फेकते. गडद भिंत तो गिळून टाकते. म्हणून कमी खिडक्यांच्या घरात फिकट रंग म्हणजे फुकटचा दिवाच. डाळीतला खडा, पिठातला किडा, भाजीतली अळी दिसली पाहिजे, तर उजेड हवा.

मग नुसता पांढराच काय? तसेही नाही. दुपारच्या उन्हात निव्वळ पांढरी भिंत डोळ्यांवर येते. चुन्यात थोडी पिवळी माती घातली की सायीसारखा रंग येतो, थोडा गेरू घातला तर फिकट गुलाबी. भिंतीवरून परतलेला उजेड भिंतीचा रंग घेऊन ताटात पडतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. हिरव्या भिंतीपाशी वरणभातही शिळा दिसतो, तर सायीच्या रंगापाशी तोच ताजा वाटतो. पश्चिमेचे ऊन ज्या भिंतीवर तापते तिच्या बाहेरच्या अंगाला पांढराच रंग असावा. निळीचा हात देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. चिमूटभर निळीने पांढरा उजळ दिसतो, पण मूठभर घातली की खोली काळवंडते.

एक सूचना. चुन्यात हळद घालून पिवळा रंग करू नये. आमच्या ओळखीच्या एका घरी असा प्रयोग झाला. घरची हळद, पैसे वाचतील म्हणून. भिंत लालभडक झाली! घरातल्या काकू म्हणाल्या, "मला इचारलं असतं तर सांगितलं असतं की. हळदीला चुना लावला की कुंकू हुतंय, हे पोरीबाळींनाबी ठावं हाय." आणि उन्हाने तो रंग पुढे विटला तो वेगळाच. मातीचे रंग चुन्याला मानवतात, फुला-मुळांचे मानवत नाहीत.

नमुना पाहिल्यावाचून खोली रंगवू नये. हातभर जागेवर रंग लावून वाळू द्यावा, कारण चुना ओला असता वेगळा आणि वाळल्यावर बराच फिका दिसतो. मग सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली, असा तीन वेळा पाहावा. दिवाही पाहून घ्यावा. आताच्या एलईडीत निळसर आणि पिवळसर असे दोन्ही मिळतात. जेवणघराला पिवळसर बरा.

वयस्कर माणसे असतील तर उंबऱ्याची आणि पायरीची कड वेगळ्या, गडद रंगाने रंगवावी. सगळेच एका रंगाचे असले की म्हाताऱ्या डोळ्यांना पायरी कळत नाही आणि ठेच लागते.

जुन्या ऑइल पेंटचा धोका

आता ती राहिलेली गोष्ट. पूर्वी पिवळ्या, नारिंगी, लाल आणि काही हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिशाची द्रव्ये सर्रास असत. केंद्र सरकारने 2016 साली नियम काढले आणि नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त असू नये, असे बंधन घातले. म्हणजे त्याआधीच्या भिंतींवर आणि दारांवर शिसे असण्याचा संभव आहे. शिसे लहान लेकरांच्या पोटात गेले तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि अमुक इतके चालेल अशी सुरक्षित मात्रा सापडलेली नाही.

आमची लेकरे त्या हिरव्या धुळीत खेळली. पुढे त्यांना काही झाले नाही, हे आमचे नशीब. आपण नशिबावर सोडू नये. जुना ऑइल पेंट काढायचाच असेल तर पाणी मारून ओला करून काढावा, आगीने जाळू नये. तोंडाला कापड बांधावे, भांडी आणि धान्य बाहेर न्यावे, लेकरे व गरोदर बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवावी, आणि निघालेले पोपडे उकिरड्यात किंवा शेतात न टाकता पिशवीत बांधून वेगळे ठेवावे. रंग घट्ट असेल, सुटत नसेल, तर त्याला हात न लावलेलाच बरा. नवीन डबा घेताना शिसेविरहित असा छाप पाहून आणि पावतीसह घ्यावा. सुटा, विनानावाचा रंग घेऊ नये.

सजावट

जेवणघराची खरी सजावट मांडणीवरची घासलेली भांडी हीच, असे आम्हाला वाटते. पितळेचे चार डबे आणि तांब्या, मागे सायीच्या रंगाची भिंत. याहून देखणे काही आम्ही आजवर पाहिले नाही. प्लॅस्टिकची फुले आणि तोरणे तेलकट धूळ धरतात आणि ती धूळ खाली ताटात पडते. तसबिरी चुलीच्या वर नसाव्या. पाठ टेकायच्या जागी हातभर उंचीची शहाबादी फरशी किंवा चटईचा पट्टा लावला की चुना कपड्याला लागत नाही. मात्र भिंत ओली असेल तर फरशी लावल्याने ओल तिच्यावरून आणखी वर चढते, म्हणून तिथे चटईच बरी.

आणि शेवटची, पण आमच्या खात्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जेवणघराच्या कोनाड्यात तणनाशकाची बाटली, हुमणीच्या औषधाची पुडी, फवारणीचे माप आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. एका घरी तर औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात मीठ भरलेले होते. कितीही धुतला तरी तो डबा अन्नाला चालत नाही. रंगकामासाठी खोली रिकामी कराल तेव्हा हे सगळे बाहेर काढा आणि पुन्हा आत येऊ देऊ नका. गोठ्याशेजारी, लेकरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, कुलपात ठेवा. रिकामे डबे भोसकून निकामी करा. एवढे एक काम झाले तरी रंगाचा खर्च वसूल झाला असे समजा.

असो. आमच्या घरी पुढे भिंती वाळवून, पिवळी माती घातलेला चुना दिला. खिडकी हातभर वाढवली. पहिल्या दिवशी आईने पाट उचलला, आत आणला आणि काही न बोलता नेहमीच्या जागी बसली. तिच्या डोळ्यांचे ऑपरेशन पुढे झाले, पण आत ती आली ते भिंतीमुळे.

तेव्हा सभासद बंधूंना नम्र विनंती, की यंदा रंगाला हात घालण्यापूर्वी त्या खोलीत ज्यांचा दिवस जातो त्यांना, म्हणजे आई, पत्नी, सूनबाई यांना विचारावे. दुकानात त्यांना बरोबर न्यावे. आणि बिलाच्या पैशातून आधी गळती, मग खिडकी, मग रंग, हा क्रम मोडू नये.